माईच्या आवाजाची दुसरी प्रत

माईच्या घशातली गाठ स्वरयंत्रासकट काढावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आप्पांच्या डोळ्यांना धार लागली आणि माईनं डॉक्टरांना विचारलं, "मग ह्यांना हाका कशा मारायच्या? आत्ताच एका हाकेला कधी येत नाहीत."

डॉक्टर हसले. आप्पाही हसले, नाक पुसत पुसत. घरी येताना मात्र वाटभर माई काही बोलली नाही, आणि माई बोलत नाही म्हणजे काय असतं ते आप्पांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आप्पा पुस्तकबांधणीचं काम करायचे. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. तिथं खळीचं पातेलं, पुठ्ठ्यांच्या थप्प्या, शिलाईची चौकट आणि कोपऱ्यात लोखंडी दाबयंत्र. मधल्या खोलीत माईचं राज्य. दोन खोल्यांमध्ये दार होतं, पण ते कधी लागलेलं कुणी पाहिलं नाही, कारण माईचं बोलणं तिकडून इकडं अखंड वाहत असे. आप्पा सुई ओवत "हं, हं" म्हणत. ती गायचीही. देवाचं गायची, बाळांचं गायची, आणि गाता गाता मध्येच थांबून "तर काय झालं म्हणे," करून गोष्ट सुरू करायची. कीर्तनात बुवा ऐन रंगात आले की गाणं सोडून गोष्टीत शिरतात आणि गोष्ट सोडून गाण्यात, तसा तिचा सगळा प्रकार. ऐकणारे आप्पा एकटेच, आणि तेही अर्ध्या कानानं.

बातमी कळली तशी लेक धावत आली. घरात तिला सगळे ठमी म्हणत. परगावी असायची, पोटुशी होती, चौथा महिना सरत आला होता. येताना तिनं एक मायक्रोफोन आणला, मधल्या खोलीतल्या कॉम्प्युटरला जोडला आणि आईला समोर बसवलं.

"माई, बोल. ऑपरेशनच्या आधी सगळं बोलून ठेव. बाळाला तुझा आवाज हवा."

"काय बोलू? भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय."

"भिंत नाही गं, समोर बाळ आहे असं समज."

"समज कशाला? बाळ तुझ्या पोटात, आणि तू बसलीस माझ्या पाठीशी. पुढं ये की."

ठमी खुर्ची घेऊन पुढं येऊन बसली. माईनं तिच्या पोटाकडं पाहिलं, पदर सावरला, आणि मग जी सुरू झाली ती थांबेना. ठमीनं लहानपणी शर्टाचं बटण गिळलं ती गोष्ट. शेजारणीचं मांजर देव्हाऱ्यात जाऊन निजलं ती. आप्पांनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घाबरून तिच्याऐवजी तिच्या मावशीलाच नमस्कार केला ती.

"खोटं आहे ते!" पुढच्या खोलीतून आप्पा ओरडले.

ठमी रेकॉर्डिंग थांबवायला गेली, तर माईनं तिचा हात धरला. "राहू दे. आजोबा कसे मध्ये मध्ये तोंड घालतात त्याचा पुरावा असू दे बाळाकडं."

शेवटी तिनं अंगाई म्हटली. तिच्या आईची होती ती. कुठं लिहिलेली नव्हती, छापलेली तर नव्हतीच.

नीज आली दारी, म्हणे घ्या गं घरी,
लोटू नका पापण्यांची कवाडं…

आवाज तोवर खरखरीत झाला होता. पण 'कवाडं'वर एक जागा होती. सूर तिथं वर चढायचा, क्षणभर रेंगाळायचा आणि अलगद खाली उतरायचा, झोपलेल्या लेकराला मांडीवरून अंथरुणावर ठेवावं तसा. त्या जागेवर माईचा आवाज एकदम स्वच्छ झाला. ठमीनं डोळे मिटून घेतले. आप्पा तेव्हा पुठ्ठा कापत होते. त्यांना पुठ्ठ्याचा कर्र आवाज तेवढा आठवतो.

जाण्यापूर्वी ठमीनं हे सगळं बोलणं-गाणं एका छोट्या डिस्कवर उतरवलं आणि आप्पांना समोर बसवून बजावलं.

"आप्पा, ही दुसरी प्रत. आत्ता जोडलीय, पण ही सुटी करायची आणि कपाटात ठेवायची. कॉम्प्युटरला काही झालं तरी ही वाचली पाहिजे. मी बाळ झाल्यावर येऊन घेऊन जाईन. आणि कॉम्प्युटर अधूनमधून 'नवीन करून घेऊ का' विचारतो ना, त्याला हो म्हणायचं. अनोळखी माणसाला नाही म्हणायचं. काही विचित्र दिसलं तर बंद करायचा आणि मला फोन. एवढंच."

"एवढंच? मला वाटलं परीक्षा आहे."

"परीक्षाच आहे. तुम्हाला नाही म्हणता कुठं येतं?"

ते खरं होतं. दारावर कुणी आलं आणि आप्पांनी त्याला आत घेतलं नाही, असं झालंच नाही. पण आप्पा लेकीच्या आज्ञेत राहणारे. अनोळखी पत्रं ते उघडत नसत. बक्षीस लागल्याचा निरोप आला की माईला वाचून दाखवत आणि पुसून टाकत. फक्त दोन गोष्टी त्यांनी आपल्या मतानं केल्या.

'नवीन करून घेऊ का' या प्रश्नाला ते दर वेळी 'नंतर' म्हणत. कारण नवीन करताना यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होई, आणि आत माईचा आवाज होता. झोपलेल्या माणसाला उगाच हलवू नये, असं त्यांना वाटे.

आणि दुसरी गोष्ट त्या डिस्कची. आप्पांचा दुकानात एक नियम होता: संच फोडायचा नाही. कुणी दोन खंडांचा ग्रंथ बांधायला आणला, तर दोन्ही खंड एका कापडात, एकाच दाबाखाली, एकाच फळीवर. खंड एकमेकांपासून दूर झाले की एक हरवतोच आणि दुसरा पोरका होतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. त्यांनी डिस्कसाठी पुठ्ठ्याची देखणी पेटी केली, वर तांबडं कापड चढवलं, सोनेरी अक्षरांत 'माई : खंड दुसरा' असं उठवलं, तारेपुरतं भोक ठेवलं आणि ती पेटी कॉम्प्युटरच्या कुशीला पक्की चिकटवून टाकली. तार जोडलेलीच राहिली.

"डिस्क नीट ठेवलीत ना?" ठमी फोनवर विचारी.

"अगदी नीट. बघशील तर खूश होशील."

ऑपरेशन झालं. माई वाचली, देवाची दयाच ती. श्वासासाठी गळ्याला ठेवलेल्या छिद्रावर मऊ सुती रुमाल बांधून ती घरात पूर्वीसारखी वावरू लागली, पण आता दोन खोल्यांमधलं दार उघडं असूनही तिकडून काही येत नसे. आप्पा सवयीनं "हं, हं" म्हणत आणि मग चपापत. माईला काही सांगायचं झालं की ती पाटीवर लिही, किंवा टाळी वाजवी. पहिल्या टाळीलाच आप्पा धावत येत. एकदा तिनं पाटीवर लिहिलं, 'आधी एवढं ऐकलं असतंत तर!' आणि आवाजाशिवाय हसली, नुसते खांदे हलवत.

एका संध्याकाळी आप्पा म्हणाले, "तुझी गाणी लावू का?"

तिनं मान हलवली. पाटीवर लिहिलं, 'बाळ मांडीवर घेऊन ऐकेन. आधी नको.'

"मी एकटा ऐकू?"

'तुम्हीसुद्धा नाही. सगळे मिळून.'

आप्पांनी शब्द दिला. खोली झाडताना त्या तांबड्या पेटीवरून हात तेवढा फिरवत. ऐकलं मात्र नाही.

ठमीचे दिवस भरत आले होते, त्या सुमारास एका दुपारी माई निजली होती आणि आप्पा कॉम्प्युटरवर बांधणीचं कापड शोधत होते. एका पानावर टिचकी मारली, तसा सगळा पडदा लाल झाला आणि आतून भोंगा वाजू लागला. 'तुमच्या कॉम्प्युटरला गंभीर धोका. आतलं सर्व काही नष्ट होत आहे. बंद करू नका. ताबडतोब या नंबरवर फोन करा.'

बंद करायचा आणि ठमीला फोन करायचा, हे आप्पांना आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण ठमीला या दिवसांत घाबरवायचं कसं? आणि बंद करू नका म्हणतोय तो. आत माई आहे. भोंग्यानं इकडची माई जागी होईल म्हणून त्यांनी त्यावर उशी दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं नंबर फिरवला.

"नमस्कार काका, घाबरू नका. अगदी वेळेवर फोन केलात." आवाज तरुण होता, गोड होता. "आधी मला सांगा, आत महत्त्वाचं काय काय आहे?"

"माझ्या बायकोचा आवाज आहे हो. ती आता बोलू शकत नाही. नातवंडासाठी ठेवलाय."

मग तो म्हणाला, "अरेरे. मग तर उशीर करायला नको. दुसरीकडे कुठं ठेवलाय का?"

"ठेवलाय ना. दुसरी डिस्क इथंच जोडलेली आहे."

"छान केलंत काका. ती काढू नका, तीही साफ करून देतो. आता एक चौकट येईल. परवानगी मागेल. हो म्हणा."

चौकट आली. आप्पांनी हो म्हटलं. दुसरी आली, तिलाही हो. मग पडद्यावरचा बाण आपोआप चालू लागला. त्यानं एकेक कप्पा उघडला, 'माई' नावाचाही उघडला. आप्पा हात जोडून बघत बसले. तपासतोय बिचारा, किती मन लावून.

"देव तुमचं भलं करो," ते फोनमध्ये म्हणाले.

उत्तर आलं नाही. फोन बंद झाला होता. पडद्यावर काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं उमटली: तुमच्या सर्व गोष्टी कुलुपात आहेत, किल्ली हवी असल्यास पैसे भरा.

उशी अजून त्यांच्या हाताखाली होती. माई दारात येऊन उभी राहिली आणि तिनं टाळी वाजवली.

दुरुस्तीवाली बाई दुसऱ्या दिवशी घरी आली. कॉम्प्युटरसमोर बसून तिनं पुष्कळ खटपट केली. आप्पा तिच्या मागं उभे होते आणि माई त्यांच्या मागं.

"काका, हे कुलूप माझ्याच्यानं उघडण्यातलं नाही," ती म्हणाली. "खरं सांगते, कुणाच्याच्यानं उघडेल असं वाटत नाही. दुसरी प्रत होती का?"

आप्पांनी पेटी दाखवली. तिनं सोनेरी अक्षरं वाचली, पेटीभोवती बोटं फिरवून पाहिली आणि हळूच म्हणाली, "काय सुंदर केलीय हो." मग तारेकडं पाहिलं. "पण ही जोडलेली होती?"

"कायमची."

"मग त्या चोराच्या हाताला दोन्ही एकदमच लागल्या." ती पुढं काही बोलणार होती, आप्पांचं तोंड पाहून थांबली.

"बोला," आप्पा म्हणाले. "तार काढलेली असती तर?"

"तर आत्ता मी पाच मिनिटांत लावून दिलं असतं."

"आणि कॉम्प्युटर 'नवीन करून घेऊ का' विचारत होता ते?"

"तेही केलेलं असतं तर ते लाल पान कदाचित उमटलंच नसतं. आणि उमटलं तरी नुसतं लाल पानच असतं ते, काका. भोंगा खोटा होता. बटण दाबून बंद केलं असतं तर काही झालं नसतं. आत शिरायला त्याला तुम्ही हो म्हणण्याची गरज होती."

"पैसे भरले तर?"

"भरून किल्ली न मिळालेले लोक मी पाहिलेत. मिळालेलेही एखाददुसरे असतील. मी भरा म्हणणार नाही."

ती गेल्यावर आप्पा पुढच्या खोलीत जाऊन दाबयंत्रापाशी उभे राहिले. त्याच्या लोखंडी चाकावर हात ठेवून म्हणाले, "हे विकतो. माझे हात तरी आता किती चालणार? एखादा तरी देवमाणूस असेल त्यांच्यात. किल्ली देईल."

माईनं पाटी घेतली. तिनं इतक्या जोरानं लिहिलं की खडू मोडला. 'नाही.' मग पुसून पुन्हा लिहिलं, 'दुसऱ्या कुणाच्या बायकोचा आवाज चोरायला त्यांना पैसे द्यायचे?'

"अगं, पण तुझा आवाज…"

'माझा आहे ना? मग मी सांगते. नाही.'

आप्पा खाली बसले आणि तिच्या पायांना हात लावायला गेले. तिनं पाय मागं घेतला आणि त्यांच्या डोक्यावर एक टपली मारली. पूर्वी त्या टपलीबरोबर "वेडेच आहात" असं यायचं. आता टपलीच आली.

ठमीला सांगायचं काम राहिलं होतं. आप्पांनी फोनवर सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पेटी चिकटवलेली, तार, 'नंतर', उशी, 'देव तुमचं भलं करो' हेसुद्धा.

"ठमे, बोल गं काहीतरी. रागाव."

"आप्पा, मीच ती बरोबर घेऊन यायला हवी होती," ती म्हणाली. "पिशवीत लोकरीचे गुंडे भरले होते, जागा नव्हती. म्हटलं, पुढच्या खेपेला." मग नाक ओढत म्हणाली, "'खंड दुसरा' काय! तुम्ही पण ना, आप्पा!" ती हसू लागली, आणि त्या हसण्यातच रडू लागली.

त्यानंतर आप्पांना एकाच गोष्टीचा ध्यास लागला. काम करता करता ते आठवायला बसत. मांजराची गोष्ट आठवली, पण ती आता त्यांच्याच आवाजात आठवे. अंगाईचे शब्द अर्धेमुर्धे आठवले. चाल मात्र पुठ्ठ्याच्या कर्र आवाजापाशी येऊन थांबे. एवढी वर्षं ते गाणं त्या उघड्या दारातून येत होतं. ते कधी कुठं जाणार नाही असं धरून त्यांनी सुईकडं लक्ष ठेवलं होतं. कुलूप घालणाऱ्यानं फार तर काही तास चोरले असतील. बाकीचं आपण स्वतःच न ऐकता जाऊ दिलं, हे त्यांना शिवता शिवता कळे आणि धागा तुटे. देवापुढं बसले की ते काही मागत नसत. नुसते बसत. माई शेजारी बसे आणि ओठ हलवी. तिचं नामस्मरण आता ओठांवरूनच वाचावं लागे.

ठमीला मुलगी झाली. अंगावरचं दूध नीट सुरू झालं तशी ती तिला घेऊन आली. माईनं दारातच हात पुढं केले आणि नात मांडीवर घेऊन बसली. कॉम्प्युटर ठमीनं पुसून नवा करून दिला होता, पण तो त्या दिवशी कुणी उघडला नाही.

दुपारी पोरगी रडू लागली. काही केल्या थांबेना. माईनं तिला छातीशी धरलं, डुलवलं, आणि सवयीनं तोंड उघडलं. गळ्याच्या रुमालाआडून नुसता वारा आला. पोर त्या वाऱ्याकडं बघून क्षणभर गप्प झाली आणि पुन्हा रडू लागली. माईनं मान वर करून आप्पांकडं पाहिलं.

आप्पांच्या हाताला खळ लागलेली होती. ते तसेच येऊन जमिनीवर बसले.

"मला नाही येत गं," ते म्हणाले.

माईनं त्यांच्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला.

"नीज आली दारी…" आप्पांचा आवाज फाटका, सुराशी कधी नातं नसलेला. माईनं मान हलवली: अजून संथ. त्यांनी पुन्हा म्हटलं. "म्हणे घ्या गं घरी…" ठमीही पलीकडून गुणगुणू लागली. तिला शब्द आठवत होते. 'कवाडं'शी दोघंही येऊन पोचली आणि दोघंही अडखळली. माईनं हात वर नेला, हवेत थोडा रेंगाळवला, मग वळवून खाली आणला. आप्पांनी हाताकडं बघत सूर चढवला, तो चिरकला. तिनं पुन्हा हात नेला. वर, रेंगाळ, खाली. ठमीनं वेगळंच काही म्हणून पाहिलं. "असं होतं का गं?" माईनं नकारार्थी मान हलवली. किती वर, किती रेंगाळायचं, उतरताना कुठल्या सुराला हलकं टेकायचं, हे हाताला सांगता येत नव्हतं. तिनं ओठ हलवले, डोळ्यांनी सांगितलं, बोटांनी हवेत रेघ काढली. जागा तिच्या आत होती, तिथंच. बाहेर यायला तिला वाट उरली नव्हती.

आप्पा म्हणतच राहिले. चुकत चुकत, पहिल्यापासून, पुन्हा पुन्हा. आणि पोर झोपली. तिला काय ठाऊक, काय ऐकायचं राहून गेलं ते?

आप्पा नातीच्या तोंडाकडं बघत अगदी हळू म्हणाले, "शेवटचं जरा जमलं का गं? तसंच होतं ना?"

चुकलेला सूर माईनं आजवर कुणाला माफ केला नव्हता. देवळात गाणाऱ्यालासुद्धा घरी येऊन नावं ठेवायची. तिनं आप्पांकडं पाहिलं. खळ लागलेला त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि मान डोलावली. हो, तसंच होतं.

आप्पांनी मान खाली घातली. तसं नव्हतं, हे त्यांना कळलं होतं.